दारू प्यायलात? तरीही गोळी घ्या!

जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्राबाहेर सकाळी साडेआठपासून रांग लागते. कुणी मुक्कामाच्या एसटीने आलेले असते, कुणी रात्रपाळी संपवून परस्पर. प्रत्येकाच्या पिशवीत गोळ्यांची डबी असते. आत समुपदेशक ती डबी उघडून उरलेल्या गोळ्या मोजतात. तीस गोळ्या दिल्या होत्या, अठ्ठावीस दिवस झाले, म्हणजे दोन उरायला हव्यात. हिशेब सोपा आहे आणि तो रुग्णांनाही पाठ असतो. म्हणूनच ज्याच्या डबीत तेरा गोळ्या उरलेल्या असतात, तो रुग्णालयात शिरण्यापूर्वी त्यातल्या अकरा स्टँडवरच्या मुतारीत टाकून येतो. मग कागदावर 'गोळ्या नियमित' अशी नोंद होते, सगळ्यांचे समाधान होते, आणि पुढच्या रक्ततपासणीत विषाणूंची संख्या हजारांत निघाली की डॉक्टर चक्रावतात.

अशा एखाद्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. वय पंचेचाळीस, रिक्षा चालवतो, घरी पत्नी आणि दोन मुले. रोज संध्याकाळी एक क्वार्टर. शनिवारी हिशेब राहत नाही. हा कुणी एकच माणूस नव्हे. एआरटी केंद्रावर काम करणाऱ्या कुणालाही यात आपल्या डझनभर रुग्णांचे चेहरे दिसतील. त्याने अकरा गोळ्या का चुकवल्या? विसरला म्हणून नव्हे. त्याने त्या ठरवून चुकवल्या. 'पोटात दारू असताना ही गोळी घेतली तर रिअ‍ॅक्शन येते, लिव्हर जाते,' असे त्याला कुणीतरी सांगितले होते. ज्या रात्री प्यायला, त्या रात्री त्याने काळजीपूर्वक गोळी टाळली. त्याच्या दृष्टीने हा बेजबाबदारपणा नव्हता, ती खबरदारी होती.

एचआयव्हीच्या उपचारांत आणि व्यसनात गुंतलेली ही सर्वांत महाग पडणारी गैरसमजूत आहे. तिची सुरुवात बहुधा डॉक्टरांच्याच तोंडून होते, हे कटू असले तरी खरे आहे.

भारतात सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधे, १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. तेव्हा देशभरात मिळून फक्त आठ केंद्रे होती. आधी औषधे कुणाला द्यायची हे 'सीडी-४' पेशींची संख्या पाहून ठरवले जाई. २०१७ पासून तो निकष गेला आणि निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच औषध, हे धोरण आले. आज देशात सुमारे पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. राज्यवार पाहिले तर सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे, सुमारे चार लाख. पूर्वी दिवसातून दोनदा घ्याव्या लागणाऱ्या, मळमळ, रक्तक्षय, भयानक स्वप्ने असा त्रास देणाऱ्या गोळ्यांच्या जागी आता बहुतेकांना 'टीएलडी' ही एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे तिच्यात एकत्र असतात. ती जेवणाआधी चालते, जेवणानंतर चालते, सकाळी चालते, रात्रीही चालते.

एवढी सोपी गोळी लोक चुकवतात तरी का, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे एकही दिवस न चुकवता घेणारी किती माणसे आपल्या घरात आहेत, ते ज्याने त्याने आठवून पाहावे. तिथे तर गोळी लपवावी लागत नाही. एचआयव्हीच्या गोळीची डबी हलवली की खुळखुळ वाजते, म्हणून अनेक जण गोळ्या कागदाच्या पुडीत काढून ठेवतात, लेबल फाडून टाकतात, पाहुणे आले की ती रात्र गोळीविना जाते. त्यात दारूची भर पडते.

गोळी चुकल्याने नेमके काय होते? एचआयव्हीचा विषाणू शरीरातून कधीच पूर्ण जात नाही. काही पेशींमध्ये तो झोपल्यासारखा पडून असतो. रक्तात औषधाची पुरेशी पातळी आहे तोवर त्याला नवी प्रत काढता येत नाही. औषध पूर्ण थांबले की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत तो पुन्हा दिसू लागतो. त्याहून वाईट अवस्था म्हणजे अर्धवट औषध: चार दिवस घेतले, तीन दिवस सोडले. विषाणूची प्रत काढली जात असताना चुका होतात, त्यातली एखादी चूक त्याला औषधाला दाद न देणारा बनवते, आणि रक्तात जेमतेम औषध असताना नेमका तोच प्रकार टिकून वाढतो. जुन्या औषधांच्या बाबतीत हे फार लवकर होई. डोल्युटेग्रॅव्हिर त्या मानाने बरेच सोशिक आहे, एखाद-दुसऱ्या चुकीला ते माफ करते. पण महिन्यात अकरा चुका म्हणजे त्याच्याही सहनशीलतेची परीक्षाच.

उलट गोळी रोज पोटात जात असेल तर मिळणारे फळ आजही अनेक रुग्णांना, आणि खेदाची गोष्ट म्हणजे अनेक डॉक्टरांनाही, नीट ठाऊक नाही. रक्तातील विषाणूंची संख्या चाचणीत सापडणार नाही इतकी कमी राहिली, तर लैंगिक संबंधांतून त्या व्यक्तीकडून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. युरोपात झालेल्या 'पार्टनर' या अभ्यासात एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा शेकडो जोडप्यांचा माग ठेवला गेला. २०१६ साली आलेल्या पहिल्या निष्कर्षात कंडोमविना आलेल्या सुमारे ५८ हजार संबंधांनंतरही औषधावर असलेल्या जोडीदाराकडून झालेला संसर्ग शून्य होता. २०१९ साली समलिंगी पुरुष जोडप्यांच्या अभ्यासातही उत्तर तेच आले. म्हणजे रिक्षावाल्याच्या त्या अकरा गोळ्या त्याच्या एकट्याच्या नव्हत्या. त्यात त्याच्या पत्नीचाही वाटा होता.

आता दारू आणि गोळीबद्दल. अमेरिकेत अटलांटा शहरात सेथ कॅलिचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू पिणाऱ्या एचआयव्ही रुग्णांना याबद्दल बारकाईने विचारले, तेव्हा तिथेही हाच प्रकार आढळला. दारू आणि औषध एकत्र झाले तर विष होईल या समजुतीने कित्येक जण पिण्याच्या दिवशी गोळी टाळत होते. काही तर शरीरातून दारू पूर्ण उतरेपर्यंत थांबत होते. म्हणजे नशेत विसरणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. शुद्धीत असताना घेतलेला चुकीचा निर्णय हा दुसरा, आणि तो बदलणे तुलनेने सोपे.

वस्तुस्थिती अशी की टीएलडी गोळी आणि दारू यांच्यात अशी कोणतीही रासायनिक झुंज होत नाही की जिच्यामुळे त्या रात्री गोळी टाळावी. गैरसमजाला जुना आधार मात्र आहे. पूर्वी दिल्या जाणाऱ्या एफाविरेन्झने गरगरायचे, त्यावर दारू घेतली की तोल जायचा. नेव्हिरापिन यकृताला त्रास देऊ शकत असे. तो अनुभव लोकांच्या लक्षात राहिला, औषधे बदलली तरी समजूत बदलली नाही. काही इशारे आजही खरे आहेत. क्षयरोगाची औषधे चालू असताना दारू प्यायल्यास यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो, आणि एचआयव्हीच्या रुग्णांत क्षयरोग नेहमीचाच. हिपॅटायटिस बी किंवा सी सोबत असेल तर दारू यकृत झपाट्याने खराब करते. दारूने प्रतिकारशक्ती खचते, जेवण सुटते, झोप बिघडते. यातले काहीही नाकारायचे नाही. पण या सगळ्यातून 'दारू कमी करा' असा सल्ला निघतो, 'आज गोळी घेऊ नका' असा निघत नाही. प्यायलेल्या माणसाला गोळीची गरज न पिणाऱ्याइतकीच असते. किंबहुना थोडी जास्तच.

एक छोटी गोष्ट मात्र पिणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. दारूने पित्त खवळते, मग सकाळी माणूस मेडिकलमधून अँटासिडची बाटली किंवा चघळायच्या गोळ्या आणतो. त्यातील मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम पोटात डोल्युटेग्रॅव्हिरला चिकटतात आणि औषध रक्तात पोहोचूच देत नाहीत. म्हणून एचआयव्हीची गोळी अँटासिडच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. तसेच दारूमुळे फिट येतात म्हणून कुणाला कार्बामाझेपिन चालू केले असेल, तर ते एआरटी केंद्रात सांगायलाच हवे. त्यानेही डोल्युटेग्रॅव्हिरची रक्तातील पातळी घसरते आणि मात्रा बदलावी लागते. पण हे सांगायचे तर आधी 'मी पितो' हे सांगावे लागते. गाडी अडते ती तिथे.

पांढऱ्या कोटातल्या माणसापुढे 'मी पितो' असे कबूल करणे सोपे नाही. उत्तर काय येणार हे रुग्णाला माहीत असते. 'दारू सोडून या, मग बघू.' 'तुम्हालाच जगायचे नाही तर आम्ही काय करणार?' गर्दीच्या केंद्रात एका समुपदेशकाच्या वाट्याला दिवसाला कित्येक रुग्ण येतात; प्रत्येकाला मिळतात ती काही मिनिटे. या मिनिटांत दटावणे बसते, ऐकणे बसत नाही. रुग्णही मग 'सोडली, साहेब' म्हणतो आणि निघतो. या उत्तरावर समाधान मानणारे डॉक्टर स्वतःचीच फसवणूक करून घेत असतात.

इथे उपयोगी पडतो तो त्याच वाटेने गेलेला माणूस. ज्याला स्वतःला एचआयव्ही आहे, ज्याने स्वतः दारूपायी गोळ्या सोडल्या होत्या आणि जो पुन्हा उभा राहिला आहे. सरकारी भाषेत त्याला 'पिअर' म्हणतात. आपण सोबती म्हणू. सोबत्याने 'काल किती झाली?' असे विचारले की उत्तर खरे येते, कारण त्या प्रश्नात हेटाळणी नसते आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच अंदाजाने ठाऊक असते. मुतारीत गोळ्या टाकण्याची युक्ती त्याने स्वतःही केलेली असते.

ही कल्पना नवी नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, असे दोन मद्यपी एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' उभी राहिली. दुसऱ्या मद्यपीला मदत करताना आपली दारू लांब राहते, हा विल्सनचा अनुभव होता. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हा तिथेही हाच धागा होता. एकेकाळी उपचारांसाठी दाखल झालेली माणसेच पुढे तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. एचआयव्हीच्या बाबतीत १९८३ साली डेन्व्हर इथे रुग्णांनी एकत्र येऊन 'आम्हाला बळी म्हणू नका, आमच्याविषयीच्या निर्णयांत आम्हाला घ्या' असे बजावले. भारतात १९९७ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे राष्ट्रीय नेटवर्क स्थापन झाले. महाराष्ट्रातही अशी नेटवर्क उभी राहिली आणि त्यांचा भार सुरुवातीच्या काळात मोठ्या प्रमाणावर विधवांनी उचलला. नवऱ्याबरोबर दारू आणि आजार दोन्ही पाहिलेल्या या बायका. औषधे मोफत मिळण्याआधीच्या वर्षांत त्यांनी एकमेकींना धरून ठेवले. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे.

सोबती नेमके करतो काय? पहिले काम म्हणजे गोळीची वेळ बदलून घेणे. रिक्षावाला रात्री जेवणानंतर गोळी घेत होता. रात्री म्हणजे पिण्यानंतर. सोबती त्याला सांगतो, 'दादा, सकाळच्या चहाबरोबर घे. संध्याकाळचं संध्याकाळी बघू.' एवढ्याने अर्धे काम होते. ही युक्ती कोणताही डॉक्टर सांगू शकला असता. पण त्यासाठी आधी संध्याकाळी काय होते ते कळायला हवे होते. दुसरे काम फोनचे. रोज ठरलेल्या वेळी एक मिस्ड कॉल, किंवा 'चहा झाला का?' असा निरोप. घरातल्या कुणी ऐकला तरी त्यातून काही कळत नाही. चुकलीच गोळी तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची; पुढच्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर मागची सोडून द्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत, हेही तोच सांगतो. तिसरे काम रांगेत सोबत उभे राहण्याचे. गोळ्या सोडून सहा महिने झालेल्या माणसाला पुन्हा त्या दारात जाण्याची लाज वाटते. ओरडा खावा लागेल या भीतीने तो आणखी सहा महिने घालवतो. बरोबर कुणी असेल तर तो आजच जातो.

दारू सोडण्याचा आग्रह पहिल्या दिवशी धरायचा नाही, हा यातला सर्वांत वादग्रस्त भाग. व्यसनमुक्तीच्या चळवळीत पूर्ण बंदीला महत्त्व आहे, आणि ज्याला दारूचे अवलंबित्व जडले आहे त्याच्यासाठी 'थोडीशी' असा प्रकार बहुधा टिकत नाही, हेही खरे. पण एचआयव्हीच्या सोबत्याचा क्रम वेगळा असतो. आधी गोळी, मग दारू. विषाणू दाबला गेला तर माणूस जगेल. जगला तर दारू सोडण्याची दुसरी, पाचवी, दहावी संधी मिळेल. गोळीला दारूमुक्तीची अट घातली तर दोन्ही हातचे जाते. हा क्रम अनेक जुन्या कार्यकर्त्यांना पटत नाही. त्यांना वाटते, ही पिण्याला दिलेली परवानगी आहे. तसे ते नाही.

सोबत्यांची एक मदत तर थेट जीव वाचवणारी असते आणि तिची वाच्यता फारशी होत नाही. रोज भरपूर पिणारा रुग्ण ताप किंवा न्यूमोनियासाठी वॉर्डात दाखल होतो. दारू अर्थातच अचानक बंद होते. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, क्वचित फिट येते. दोन-तीन दिवसांनी तो बरळू लागतो, भिंतीवर किडे दिसतात, सलाइन उपटतो. एचआयव्ही आहे म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात मेंदूतला संसर्ग येतो, आणि तो तपासायला हवाच. पण त्याच वेळी कुणी सांगितले की 'साहेब, याची शेवटची परवा सकाळची', तर दारू तुटल्याने होणाऱ्या या भ्रमावर वेळेत उपचार सुरू होतात. बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, शांत करणारी औषधे. उपचार न झाल्यास या अवस्थेत माणूस दगावू शकतो. नातेवाईक लाजेपोटी सांगत नाहीत. सोबती सांगतो. याच कारणासाठी रोज खूप पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात दारू तोडण्याचे धाडस करू नये, आणि सोबत्यानेही तसा सल्ला देऊ नये. तिथे डॉक्टर लागतोच.

हे सगळे ऐकायला छान वाटते. पुरावा काय सांगतो? पुरावा सरळ नाही. अमेरिकेत चार शहरांत, सुईने नशा करणाऱ्या ९६६ एचआयव्ही रुग्णांवर 'इन्स्पायर' नावाचा अभ्यास झाला. त्यांतल्या एका गटाला सोबती होण्याचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्या गटाला व्हिडिओ दाखवून चर्चा घडवली. २००७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांची जोखमीची वर्तणूक कमी झाली होती, पण दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. २०१६ मध्ये ११ अमेरिकी रुग्णालयांतील ८०१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे एचआयव्ही असलेले आणि नशा करणारे. काहींना वाट दाखवणारा कार्यकर्ता दिला, काहींना कार्यकर्त्याबरोबर रोख बक्षीसही दिले. मदत चालू होती तोवर बक्षीसवाला गट पुढे होता. वर्षाअखेरीस तिन्ही गट जवळपास एका पातळीवर आले, विषाणू दबलेले रुग्ण प्रत्येकात साधारण एक तृतीयांश. मदत थांबली की परिणामही विरला.

या उलट २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला इंडोनेशिया, युक्रेन आणि व्हिएतनाम इथला अभ्यास पाहावा. सुईने नशा करणाऱ्या एचआयव्ही रुग्णांपैकी एका गटाला वाटाड्या कार्यकर्ता, समुपदेशन आणि औषध लगेच सुरू करण्याची सोय असे एकत्र दिले. वर्षभराने या गटात ४१ टक्क्यांचा विषाणू दबलेला होता, नेहमीची सेवा मिळालेल्यांत २४ टक्के. मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. फरक कशाचा? माझ्यापाशी माणूस आहे, एवढ्यावर भागत नाही. तो माणूस ज्या दाराशी नेतो ते दार उघडे असावे लागते. व्यसनावरचे औषधोपचार तिथे हाताशी होते, आणि कार्यकर्ता तिथपर्यंत नेत होता.

आपल्याकडे हा धडा फार महत्त्वाचा. ईशान्येकडील राज्यांत आणि पंजाबात सुईच्या नशेचा प्रश्न मोठा आहे, त्यासाठी जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार सरकारी केंद्रांत मिळतात. महाराष्ट्रात मुख्य प्रश्न दारूचा. मुंबई परिसरातील पाच एआरटी केंद्रांत, दारू पिणाऱ्या पुरुष रुग्णांसोबत, वैयक्तिक समुपदेशन, गटातल्या बैठका आणि रुग्णांनी एकत्र येऊन केलेला पाठपुरावा अशा तिन्ही मार्गांची आळीपाळीने तपासणी झाली आहे. म्हणजे प्रश्न ओळखला गेला आहे. पण एआरटी केंद्र एका इमारतीत, मानसोपचार विभाग दुसऱ्या, आणि दोघांचे केसपेपर वेगळे अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. रिक्षावाल्याला एका दिवसाची कमाई बुडवून एक रांग परवडते. दुसऱ्या रांगेसाठी तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

आफ्रिकेने रांगेवर वेगळे उत्तर शोधले. मोझांबिकच्या टेटे प्रांतात २००८ पासून रुग्णांनीच सहा-सहा जणांचे गट केले. दर महिन्याला एक जण दवाखान्यात जातो, आपली तपासणी करून घेतो आणि सहाही जणांच्या गोळ्या घेऊन येतो. उरलेल्यांची खबरबात तोच कळवतो. सहा महिन्यांत प्रत्येकाची पाळी एकदा. कोण गळाठला, कोण पुन्हा प्यायला लागला, हे दवाखान्याला कळण्याआधी गटाला कळते. आपल्याकडे वारीच्या दिंडीत, भिशीत, बचत गटात अशी पाळी लावण्याची सवय आहेच. अडचण एकच, गुप्तता. छोट्या गावात सहा जण वारंवार एकत्र दिसले तर लोक विचारू लागतात.

गुप्ततेचा प्रश्न सोबत्याच्या कामात पावलोपावली येतो. तो ज्याच्या घरी जातो त्या घराकडे बोट दाखवले जाऊ शकते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कुणाचीही एचआयव्ही स्थिती त्याच्या लेखी संमतीविना उघड करता येत नाही, आणि नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करणे बेकायदा आहे. हे बंधन सोबत्यालाही आहे. म्हणून भेट घरी की स्टँडवर की चहाच्या टपरीवर, हे रुग्णाने ठरवायचे. पत्नीला काय सांगायचे, हेही.

आणि सोबत्याचे काय? तो ज्यांच्याशी बोलतो ते पीत असतात. कित्येकदा भेटीची जागाच गुत्त्याच्या आसपासची असते. त्याची स्वतःची दारू सुटून दोन-चार वर्षे झालेली असतात. एखादा रुग्ण दगावला, एखाद्याने शिवी दिली, घरी पैशाची ओढाताण झाली, की जुनी वाट पुन्हा समोर दिसते. त्याला मिळते ते मानधन, पगार नव्हे. प्रकल्प संपला की तेही बंद. रुग्णांना तो जी स्थिरता शिकवतो ती त्याच्या नोकरीत नसते. एखादा सोबती घसरला की 'बघा, हे असेच' असे म्हणणारे पुष्कळ असतात. वास्तविक घसरणे हा व्यसनाच्या आजाराचा भागच आहे. त्याला कामावरून काढायचे की रजा, उपचार देऊन परत घ्यायचे, यावरून एखाद्या संस्थेची परीक्षा होते. सोबत्यांचेही आपले सोबती असावेत, आठवड्यातून एकदा त्यांनी आपसात बसावे, आणि एका सोबत्याकडे पेलतील एवढेच रुग्ण असावेत. यासाठी लागणारा पैसा औषधांच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे.

सोबत्याने काय करू नये, हेही स्पष्ट हवे. डोळे पिवळे दिसले, पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, फिट आली किंवा 'आता जगून काय करू' असे शब्द ऐकू आले, तर समजूत काढत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय. गोळ्या बदलणे, बंद करणे, आयुर्वेदिक चूर्ण सुचवणे हे त्याचे काम नाही. व्यसन सोडवतो म्हणून घरच्यांनी चोरून भाजीत कालवायच्या पावडरींच्या जाहिराती भिंतींवर दिसतात. त्यापासून लोकांना लांब ठेवणे मात्र नक्कीच त्याचे काम आहे.

डॉक्टरांना आणि समुपदेशकांना यात करता येण्याजोगी एक गोष्ट आहे, तिला ना निधी लागतो ना शासन निर्णय. 'पिता का?' असे विचारू नये; त्याचे उत्तर 'नाही' असेच येते. 'पिणे होते त्या दिवशी गोळीचे काय करता?' असे विचारावे. आणि उत्तर काहीही आले तरी आवाज चढवू नये.

एचआयव्हीविषयी मोफत माहिती १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मिळते. व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६. फोन करणाऱ्याने नाव सांगणे बंधनकारक नाही.

आपला रिक्षावाला आता सकाळी चहाबरोबर गोळी घेतो. अँटासिडची बाटली दुपारसाठी ठेवतो. डबी जशी असेल तशी केंद्रात आणतो. गेल्या वेळी तीन जास्त होत्या, त्या त्याने टाकल्या नाहीत, दाखवल्या. दारू सुटलेली नाही, आठवड्याचे दोन-तीन दिवस कोरडे जातात. मानसोपचार विभागात जायचे त्याने कबूल केले आहे, सोबत कुणी येणार असेल तर. सोबत्याने त्यासाठी पुढचा मंगळवार मोकळा ठेवला आहे.